रात्रीची कबड्डी आणि चार फ्लॅश: गोडॉक्स टीटी६०० सोबतचे दोन हंगाम

दिवाळी झाली की आमच्याकडे दोनच गोष्टींचे फ्लेक्स लागतात, लग्नांचे आणि कबड्डीचे. लग्नाचे फोटो मी पोटासाठी काढतो. कबड्डीचे का काढतो, हे बायकोला अजून नीट पटवता आलेलं नाही. पेणपासून अलिबागपर्यंत खाडीकाठच्या गावांत हिवाळाभर रात्रीचे सामने चालतात. पत्रिकेवर ‘प्रकाशझोतातील भव्य कबड्डी सामने’ असं छापलेलं असतं. त्यातलं ‘भव्य’ खरं असतं. प्रकाशझोताचं मात्र फोटोग्राफरला विचारावं.

चार कोपऱ्यांत चार बांबू, प्रत्येकावर दोन-दोन एलईडी फ्लड आणि मंडपामागे घरघरणारा जनरेटर. डोळ्याला हा उजेड भरपूर वाटतो. माझ्या निकॉन डी५०० कॅमेऱ्यावर मात्र भिंगाचं तोंड एफ/२.८, शटर १/५०० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४०० धरली तेव्हा कुठे चढाईपटूचा चेहरा ओळखू येतो. तोही दाणेदार, रवा पाखडल्यासारखा. वर १/५०० ला पकडीच्या झटापटीतले हात हलतातच. शिवाय ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सलग पाच फ्रेम घ्या, एक पिवळट, एक हिरवट, एक अर्धी काळवंडलेली. डी५०० मध्ये फ्लिकर कमी करायची सोय आहे, पण ती चालू केली की शटर दिव्याची वाट बघत थांबतं. पकड काही थांबत नाही.

म्हणून फ्लॅश. आधी सगळ्यांसारखाच मीही कॅमेऱ्यावर एक फ्लॅश लावून बसलो होतो. फुल पॉवरवर मारला. माझ्यापासून दोन मीटरवरचा कोपरारक्षक पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा, मागचा चढाईपटू अंधारात आणि दुसरा फ्लॅश तयार होईपर्यंत चढाई संपलेली. चढाईला मिळतात ३० सेकंद. त्यातला कामाचा क्षण अर्ध्या सेकंदाचा, आणि तो अर्धा सेकंद नेमका फ्लॅशचा लाल दिवा लागायची वाट बघण्यात जायचा.

मग मी गोडॉक्स टीटी६०० चे चार फ्लॅश जमवले. दोन नवे घेतले, दोन एका लग्नवाल्या मित्राकडून जुने. सोबत निकॉनसाठीचा एक्सप्रो ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून लांबचे फ्लॅश बिनतारी पेटवणारा डबा. टीटी६०० हा गोडॉक्सचा स्वस्तातला मॉडेल. यात टीटीएल नाही, म्हणजे कॅमेरा स्वतः उजेड मोजून फ्लॅशची पॉवर ठरवत नाही, पायाला मधली एकच पिन, सगळं काम मॅन्युअल. दुकानातल्या मुलाने “सर, टीटीएलवाला घ्या, पुढे पश्चात्ताप होईल” असं दोनदा सांगितलं. लग्नासाठी तो बरोबर आहे, वरातीत माझ्याकडेही टीटीएलवालाच असतो. पण कबड्डीचं मैदान रात्रभर जागचं हलत नाही. स्टँड तिथेच, रेषा तिथेच, अंतर तेच. उजेड एकदा मोजून बसवला की पहाटेपर्यंत तोच. उलट टीटीएल असता तर पांढऱ्या जर्सीचा संघ आला की कॅमेरा उजेड कमी करणार, काळ्या जर्सीचा आला की वाढवणार. ते नको.

चारच का आणि छोटेच का, इथे थोडं गणित. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण विकत घ्यायच्या आधी परत येऊन वाचा.

या फ्लॅशचा गाईड नंबर ६० सांगतात. या नंबराला एफ-आकड्याने भागलं की उजेड किती मीटर पोहोचतो ते कळतं. तो आयएसओ १०० ला आणि डोकं २०० मिमीपर्यंत झूम केल्यावरचा. २०० मिमीला उजेड टॉर्चसारखा एकाच माणसावर पडतो. सातजणांच्या साखळीचं काय करायचं? अर्धं मैदान झाकायला मी झूम ५० मिमीला ठेवतो आणि तिथे गाईड नंबर चाळीसच्या आसपास उतरतो. पॉवर १/१६ केली की त्याचा चौथा हिस्सा उरतो, १०. आयएसओ १०० चा ८०० केला की २.८ पट, म्हणजे २८. एका जागी दोन फ्लॅश बांधले की १.४ पट, म्हणजे जवळजवळ ४०. त्याला एफ/४ ने भागा, हातात येतात १० मीटर. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, त्याचं अर्धं साडेसहा बाय दहा. हिशोब चोख बसतो. महिलांचं मैदान १२ बाय ८, तिथे पॉवर आणखी थोडी उतरवता येते.

आता कोणी म्हणेल, दोन फ्लॅश १/१६ वर म्हणजे एकच १/८ वर, मग दुसऱ्याचे पैसे कशाला? उजेड तेवढाच पडतो, कबूल. पण फ्लॅशला जेवढं कमी काम द्याल तेवढा तो लवकर सावरतो, कमी तापतो आणि त्याचा झोत तेवढा आखूड होतो. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे फुल पॉवरला हा झोत साधारण १/३०० सेकंद टिकतो आणि सर्वांत कमी पॉवरला १/२०००० पर्यंत येतो. शटर माझं १/२५० वरच आहे, कारण डी५०० चा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा शटरचा सर्वांत जास्त वेग, तेवढाच. पण उडणारा पाय गोठवतो तो शटर नव्हे, झोत. १/१६ ला तो सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात आटोपतो. घोट्याला पडलेली पकड, तोंडातून उडालेली थुंकी, केसांवरून झटकलेला घाम, सगळं जागच्या जागी थांबतं. याला अट एकच. मैदानावरच्या दिव्यांचा उजेड फोटोत पुरेसा कमी असला पाहिजे, नाहीतर गोठलेल्या हातामागे त्याच हाताचं भूत दिसतं. आयएसओ ६४००, एफ/२.८, १/५०० वरून मी आयएसओ ८००, एफ/४, १/२५० वर येतो, म्हणजे मंडळाचे दिवे तीन स्टॉप, तीनदा निम्मे होऊन, खाली जातात. भूतही गेलं आणि हिरवा-पिवळा खेळही गेला.

हाय स्पीड सिंक, म्हणजे त्या मर्यादेपेक्षा वेगवान शटरलाही फ्लॅश चालवायची सोय, वापरून १/१००० ला काढून बघितलं. ट्रिगरवरून या फ्लॅशला ते जमतं. पण त्यात फ्लॅश एका फटक्याऐवजी शेकडो बारीक फटके मारतो आणि पोहोच फार घटते. १/१६ वाला फ्लॅश सरळ १/२ वर न्यावा लागला. दहा मिनिटांत डोकं हात लावू नये इतकं गरम. रात्रीच्या खेळाला त्याची गरजच नाही, ते उन्हातल्या कामाचं हत्यार आहे.

मांडणी माझी अशी. मी एका अंतिम रेषेच्या मागे, कोपऱ्यापासून थोडा आत, जमिनीवर बसतो. पहिली जोडी माझ्या डाव्या हाताला कोपऱ्याबाहेर, नऊ-दहा फूट उंचीवर. दुसरी जोडी समोर उजवीकडे, मध्यरेषेच्या टोकाला मैदानाबाहेर, तेवढ्याच उंचीवर, पण तिचं तोंड माझ्याकडच्या अर्ध्या मैदानाकडे. म्हणजे चढाईपटू माझ्या दिशेने खोल आला की एक उजेड त्याच्या चेहऱ्यावर तिरका पडतो आणि दुसरा पाठीमागून त्याच्या खांद्याची, मांडीची कड सोलून काढतो. पलीकडच्या अर्ध्या मैदानाचा मी नाद सोडला आहे. निम्म्या चढाया हातच्या जातात, पण उरलेल्या निम्म्या मिळतात.

पहिल्या रात्री जोड्या सरळ मधोमध रोखल्या होत्या. चुकलं. उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. स्टँडपासून तीन मीटरवरच्या खेळाडूला जेवढा उजेड, त्याचा नववा हिस्सा नऊ मीटरवरच्याला. कोपरारक्षक पुन्हा पिठात! उपाय सोपा आहे. स्टँड उंच करा आणि डोकं जवळच्यांच्या टाळूवरून पलीकडे रोखा, म्हणजे जवळच्याला झोताची नुसती कड लागते आणि मधला दाट भाग लांबच्याला मिळतो. दोन मांडवाचे बांबू मिळाले तर स्टँडची गरजही नाही. क्लॅम्प, वरून सुतळीचे चार वेढे, झालं. पॉवर खालून ट्रिगरवरून बदलता येते, जोडी अ, जोडी ब अशी वेगवेगळी. दहा फुटांवरच्या फ्लॅशचं बटण दाबायला शिडी लागली असती तर हा उद्योग मी कधीच बंद केला असता.

आणि मग माती. मॅटवरच्या कबड्डीत ही गंमत नाही. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून सगळ्यांच्या डोळ्यांत निळ्या-केशरी मॅटचे झगझगीत फोटो बसलेत. तिथे छताचा उजेडच इतका असतो की फ्लॅशचं नाव काढायला नको. आमच्याकडे मैदानावर चाळलेली लाल माती असते, संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरवलेली. तिसऱ्या-चौथ्या सामन्यापर्यंत ती सुकते आणि पाच जणांनी एकाला आडवा पाडला की गुडघ्याएवढा धुरळा उठतो. नुसत्या फ्लडखाली तो फोटोत मळकट धुक्यासारखा येतो. मागच्या जोडीचा उजेड त्यातून आला की कण नि कण सुटा दिसतो. माझ्याकडे एक फोटो आहे. चढाईपटू पूर्ण आडवा, छाती मातीला लागलेली, उजव्या हाताची दोन बोटं मध्यरेषेच्या दीड वीत अलीकडे. त्याच्या घोट्याला मिठी मारलेल्या पोराचा चेहरा दिसत नाही, फक्त दात दिसतात. आणि दोघांच्या वर धुरळ्याची एक कमान, मागून पेटलेली. हा फोटो आयएसओ ८०० चा आहे. मोठा करून स्टुडिओत लावलाय. साखरपुड्याचं बुकिंग करायला आलेले लोक आधी त्याच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे जरा संशयाने.

आता ज्याबद्दल फसगत होते ते. डी५०० सेकंदाला १० फ्रेम काढतो. फ्लॅश नाही काढत. १/१६ वर तीन-चार फ्रेम सलग उजळ येतात, पुढची अर्धवट, त्यापुढची काळी. बोट दाबून ठेवायची सवय असेल तर पकडीची तयारी उजेडात आणि पकड अंधारात येईल. मला महिनाभर लागला ती सवय मोडायला. आता एकेक फ्रेम काढतो, फार तर दोन. चढाईपटूचा मागचा पाय बघत बसायचं. तो टाचेवर आला की परत फिरणार, त्याच क्षणी कोपरारक्षक झेप घेणार. खेळ न कळता नुसते फ्लॅश घेतलेत तर पैसे वाया गेले समजा.

दुसरी फसगत चॅनेलची. एका उपांत्य सामन्यात माझे फ्लॅश आपोआप लागायला लागले. मी कॅमेरा मांडीवर ठेवून पाणी पीत होतो आणि चारही फ्लॅश लखलखत होते. भाच्याला वाटलं शॉर्ट झालं. तो ओरडतोय, “मामा, वायर काढू का?” वायर असेल तर काढशील ना! पलीकडच्या बाजूला दुसऱ्या मंडळाचा फोटोग्राफर होता, त्याच्याकडेही त्याच कंपनीचा ट्रिगर, आणि आम्ही दोघेही चॅनेल १ वर. तो बिचारा स्वतःच्या फोटोत इतका छान उजेड कुठून येतोय म्हणून खूश होता. चॅनेल ३२ आहेत. माझा आता ठरलेला असतो आणि तो मी इथे सांगणार नाही.

सेलबद्दल मात्र मनापासून सांगतो. एका फ्लॅशला चार डबल ए, म्हणजे चार फ्लॅशना १६, आणि बदलीला आणखी १६. पहिल्या हंगामात एका दुकानातून चकचकीत वेष्टनाचे, क्षमतेचा आकडा ३००० एमएएचच्या वर छापलेले चार्जिंगचे सेल निम्म्या किमतीत घेतले. रात्री नऊला सामने सुरू, अकराला जोडी ब मेलेली. आकडा वेष्टनाचा होता, सेलचा नव्हता. त्यानंतर एनेलूपचे २००० वाले घेतले. छापील आकडा लहान, पण त्यावर आठ-दहा सामने सहज निघतात. साधे अल्कलाईन सेल अडीअडचणीला चालतात, पण फ्लॅशला सावरायला वेळ लागतो. सेलवर मार्करने क्रमांक घालतो, चार-चारचे आठ संच, एकत्र चार्ज, एकत्र वापर. एक दमलेला सेल तीन ताज्यांना घेऊन बुडतो. पैसे असतील तर याच कंपनीचे लिथियम बॅटरीवाले व्ही८६० घ्या, सावरायला निम्मा वेळ आणि सेल मोजायची कटकट नाही. पण तेवढ्या पैशात चारऐवजी दोनच येतील, आणि मैदानाला मागूनही उजेड लागतो.

स्टँडचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुठल्याशा बिननावाच्या कंपनीचा हलका स्टँड होता, त्याचा स्क्रू पहिल्याच महिन्यात फिरका झाला. दुसरा मजबूत घेतला, पायात वाळू भरलेल्या सिमेंटच्या पिशव्या ठेवल्या. निश्चिंत. एका मध्यंतरात कुणा पोराने स्टँडची दांडीच फिरवली. मला कळलं चार चढायांनंतर. खेळाडू अर्धे काळे, आणि मागे पहिल्या रांगेतली एक आजी लख्ख उजेडात, पदर तोंडात धरून, डोळे विस्फारून. नातू खेळत होता म्हणे तिचा. त्या रात्रीच्या फोटोंतला मंडळाने मागून घेतलेला पहिला फोटो तो. तेव्हापासून स्टँडपाशी भाचा बसतो, त्याला रात्रीचे पाचशे रुपये आणि दोन वडापाव.

जानेवारीत दव पडतं. रात्री दोननंतर फ्लॅशच्या डोक्यावर हात फिरवला तर बोटं ओली होतात. भाजीच्या पारदर्शक पिशव्या उलट्या घालतो, उजेडात फरक पडत नाही. पण डोकं तापत असेल तर पिशवी चिकटेल, म्हणून पुन्हा तेच, पॉवर कमी ठेवा.

आणि परवानगी. याशिवाय एकही फ्लॅश लावू नका. सामने सुरू व्हायच्या आधी मी पंचांना आणि पहिल्या दोन्ही कर्णधारांना मैदानात उभं करून चार-पाच वेळा फ्लॅश मारून दाखवतो. उंचावरून तिरका येणारा उजेड डोळ्यांत फारसा जात नाही, कॅमेऱ्यावरचा सरळ जातो. एकदा एका ज्येष्ठ पंचांनी मागची जोडी नको म्हणून सांगितलं, रेषेवरचा स्पर्श बघताना त्रास होतो म्हणाले. काढली. वाद घालायचा नाही, पॉइंटवरून इथे डोकी फुटतात. त्यात आपला फ्लॅश कारण व्हायला नको. अमेरिकेत बास्केटबॉलच्या मोठ्या सभागृहांत फोटोग्राफर छतालाच मोठे स्ट्रोब टांगतात, खेळाडूंच्या नजरेच्या वर. आपला बांबू म्हणजे त्याचीच गरीब भावंडं.

खर्च सांगतो. फ्लॅश, ट्रिगर, दोन स्टँड, जोडीचे क्लॅम्प, ३२ सेल आणि दोन चार्जर मिळून माझे चाळीस हजारांच्या आसपास गेले. वसूल झाले का? मंडळं फोटोचे पैसे देतात, पण ‘भाऊ, बक्षीस समारंभानंतर बघू’ या बोलीवर. खेळाडू मात्र स्वतःहून मागतात आणि लगेच देतात. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आता गॉगलऐवजी चढाईचा फोटो लागायला लागलाय. पाचपैकी चार गुण. एक कापला तो सेलसाठी. ज्यांना फक्त क्रिकेट काढायचंय त्यांनी यात पडू नये. तेवढ्या लांब हा उजेड पोहोचत नाही. कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉल, मल्लखांब, जिथे मैदान लहान आणि तुम्ही जवळ, तिथे जरूर.

वर ३२ सेल लिहिलेत, सध्या ३० आहेत. मागच्या महिन्यात अंतिम सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत समालोचकांचा कॉर्डलेस माईक बंद पडला आणि मंडळाचा एक कार्यकर्ता धावत माझ्याकडे आला. संच ५ मधले दोन काढून दिले. सामना एका पॉइंटने सुटला, लोक मैदानात घुसले, माईकही गर्दीत गेला. संच ५ मधले उरलेले दोन आता घरच्या टीव्हीच्या रिमोटमध्ये आहेत, आणि बायको म्हणते, कबड्डीने घरात आणलेली ही पहिली वस्तू.